माझी लाकडं गेली त्याची गोष्ट

"आप बैठे रहिए! भाईसाहब, बिल्कुल नहीं उठना है!"

शाळेचे पीटी सर हॉलच्या पार त्या टोकाहून ओरडत, खुर्च्यांच्या रांगा हलवत माझ्याकडे धावत येत होते. मी चहा घ्यायला उठलो होतो.

सरांनी मला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं, शेजारच्या बाईंना उठवून स्वतः त्या खुर्चीत बसले आणि माझा हात हातात घेतला. दंडबैठका काढून काढून ज्याचा पंजा फावड्याएवढा झालाय असा माणूस भर सभेत तुमचा हात कुरवाळू लागला, की मनात नाही नाही त्या शंका येतात. माझ्या पलीकडे बसलेल्या बायकोनं मला कोपर मारलं. "काय करून ठेवलं तुम्ही?" मी काहीच केलेलं नव्हतं. (हे वाक्य मी लग्नापासून म्हणत आलोय आणि आजवर कोणी त्यावर विश्वास ठेवलेला नाही.)

प्रसंग होता शाळा उघडण्याआधीच्या पालकसभेचा. आमची कस्तुरी नववीत गेली होती. रायपुरात जूनमध्ये हॉलमधले कूलर वारा देत नाहीत, नुसता आवाज देतात, आणि त्यावर आवाज चढवून प्राचार्य मॅडम नव्या वर्षाच्या सूचना सांगत होत्या. मुलांची झोप पुरी होऊ द्या. मोबाइल रात्री त्यांच्या उशाशी नको. उपाशीपोटी शाळेत पाठवू नका. शेजारच्या मुलाच्या मार्कांचा विषय घरी काढू नका. आणि मूल काही सांगू लागलं, तर हातातलं काम ठेवून ऐका. प्रत्येक सूचनेला मी मान डोलवत होतो. माझ्या घरी हे सगळं आधीपासूनच चालतं, असा माझा समज होता. मुलांना सकाळीच दुसऱ्या खोलीत नेलं होतं. तिथं शाळेच्या समुपदेशक मॅडम त्यांच्याशी एकेकाशी बोलत होत्या, काही भीती वाटते का, झोप लागते का, असं विचारत होत्या. त्याच मॅडम मधेच हॉलमध्ये आल्या, पीटी सरांच्या कानाशी लागल्या, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मग ते ओरडणं झालं.

आता मला माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. आमचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून छत्तीसगडात आले. (आमच्या मराठी मंडळातले काही लोक म्हणतात, ते घोड्यामागून भांडी घेऊन चालत आले. ते जळतात.) घोडा गेला, तलवार गेली, पण गोष्ट फुगवून सांगायची कला घराण्यात टिकली. मला मच्छर चावला की मी मलेरिया म्हणतो. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी गाड्यांच्या बुकिंगचं काम बघतो. तिथून संध्याकाळी घरी आलो, की जोडे काढता काढता माझं एक ठरलेलं वाक्य असतं. आमचे वडील ते ऐंशी ओलांडल्यावर म्हणायला लागले. मी हौशी माणूस, पन्नाशीच्या अलीकडेच सुरू केलं.

"आपली लाकडं तं गेली मसणात. आता आपलंच जाणं बाकी आहे."

बायको आतून म्हणते, काहून असं अभद्र बोलून राहिले. मी खूश होतो, पाणी पितो आणि सोफ्यावर आडवा होतो. आता मराठी माणसाला हे वाक्य ऐकून काय कळतं? हा माणूस दमला, याला चहा द्या. पण आमच्या कस्तुरीचं मराठी म्हणजे कानानं घेतलेलं मराठी. सगळं समजतं, बोलते हिंदीत. म्हणी, वाक्प्रचार हे प्रकार तिनं कधी पुस्तकात वाचले नाहीत. तिला शब्द कळतात, आणि कळतात तसेच कळतात.

तर आम्हा दोघांना एका लहान खोलीत नेलं. पीटी सर दाराशी उभे राहिले. समुपदेशक मॅडम वयानं अगदी लहान होत्या, बिलासपूरकडच्या असाव्यात. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि फार हळू आवाजात विचारलं, "कस्तूरी बता रही थी, आपकी लकड़ी चली गई?"

मला पोरीचं कौतुक वाटलं. आदल्याच आठवड्यात नव्या रायपुरातल्या एका बांधकामाला सेंट्रिंगच्या लाकडांची गाडी रवाना केली होती. त्या ठेकेदाराचे रोज जेवताना फोन यायचे. म्हणजे बापाच्या धंद्यात मुलीचं लक्ष आहे!

"हाँ जी, निकल गई," मी म्हणालो. "पूरी गाड़ी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पूरी गाड़ी?"

मी त्यांना व्यवसायातलं मर्म समजावलं, की लाकूड ऐन वेळी कमी पडलं तर लोक ताटकळत उभे राहतात, शोभत नाही, म्हणून मी नेहमी जास्तच पाठवतो. त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत? मी म्हणालो, घरात करणारा दुसरा आहे कोण? त्यांनी विचारलं, मनाला त्रास होत नाही? मी म्हणालो, सुरुवातीला व्हायचा, आता एकदाची पोचली म्हणजे आपण सुटलो. दाराशी पीटी सरांनी रुमाल काढला.

मॅडम बायकोकडे वळल्या. ताईंना हे माहीत होतं का?

"मैं ही तो पीछे पड़ी थी," बायको म्हणाली. "कब से बोल रही थी, निकालो एक बार की. रोज खाने के टाइम वही किचकिच."

मॅडमनी माझ्या बायकोकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांनी सगळं धैर्य गोळा केलं आणि विचारलं, "और श्मशान वालों ने रख ली?"

"श्मशान?" आम्ही नवराबायको एकदमच म्हणालो.

कस्तुरीला बोलावलं. ती आली, माझ्याकडे न बघता खुर्चीच्या टोकावर बसली. मॅडमनी तिला सकाळी सांगितलेलं पुन्हा सांगायला लावलं. ती म्हणाली, पापा रोज सांगतात की त्यांची लाकडं श्मशानात पोचली, आता फक्त त्यांनाच जायचंय. त्यांना काहीतरी मोठी बीमारी आहे आणि घरात मला कोणी सांगत नाही.

मी हसलो. खरं सांगतो, आधी हसूच आलं. एवढ्या मोठ्यानं हसलो की ग्लासातलं पाणी हललं. अरे, ही तर बोलायची पद्धत आहे, म्हणत मी मॅडमना वाक्प्रचार समजावून सांगू लागलो. आपल्या हिंदीत कसं, पाय कबरीत लटकतात म्हणतात, तसं. पण बोलता बोलता लक्षात आलं, खोलीत मी एकटाच हसतोय. बायको हसत नव्हती. ती कस्तुरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत होती. ती वर्तुळं मलाही दिसली होती. मोबाइलमुळे झालीत, असं मी पूर्ण मोहल्ल्यात जाहीर केलं होतं.

"बेटा, तू झोपत नाहीस का?" बायकोनं विचारलं.

"सोती हूँ," कस्तुरी म्हणाली. "बीच में उठके पापा के खर्राटे सुनती हूँ. बंद होते हैं तो हिला देती हूँ."

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलटून दिसायला लागली. रोज रात्री मध्येच मला कोणीतरी हलवून जागं करतं, याचा दोष मी मांजरीला देत होतो. बाजारातून येताना पोरगी माझ्या हातातली पिशवी ओढून घ्यायची, तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचो, बघा, संस्कार! उन्हाळ्याच्या सुटीत ती नागपूरला मामाकडे गेली नाही. "बापाचा लळा आहे पोरीले," असं मी साळ्याला फोनवर छाती फुगवून ऐकवलं होतं. ती पहाऱ्यावर होती.

मी विचारलं, "अगं, मग मले विचारायचं नाही का?"

"पूछा था," ती म्हणाली. "मैंने पूछा, पापा, आपको क्या हुआ है. आप बोले, मेल्याशिवाय मले सुटी नाही."

बोललो असेन. आठवत नाही. ते वाक्य मी इतक्यांदा इतक्या जणांना ऐकवलंय, की त्यात एकदा कोणी खरंच उत्तरासाठी उभं होतं हे कळायला मार्ग नव्हता.

मॅडम म्हणाल्या, आता तिला नीट सांगा, सरळ. मी पुढे झुकलो. म्हणालो, कस्तु, तुझा बाप घोड्यासारखा ठणठणीत आहे, शंभर वर्षं तो काही...

मॅडमनी बोट वर केलं. "जितना सच है, उतना ही."

वाचकहो, उतना ही! आमच्या घराण्यात कोणी कधी उतनं ही बोललेलं नाही. पाणी प्यायलो. बायकोकडे पाहिलं, ती मदत करणार नव्हती. मग मी म्हणालो, "मी बरा आहो, बेटा. कधी कधी कंबर दुखते. बस."

मला माहीत असलेलं ते सगळ्यात छोटं वाक्य होतं. कस्तुरी "हव" म्हणाली. "हो"साठी इथल्या हवेतला तो शब्द. त्यातून "पटलं" की "ऐकलं" हे कळत नाही.

बाहेर आलो तर निम्मा हॉल उभा होता. पीटी सर दाराशी उभे होते ते निम्म्या संभाषणापर्यंतच, आणि तेवढंच त्यांनी सगळ्यांना डोळे पुसत पोचवलं होतं. कोणी माझी पाठ थोपटत होतं, कोणी बायकोला खुर्ची देत होतं. मंडळाच्या गणपतीतल्या भांडणापासून ज्यानं मला ओळख दाखवली नव्हती तो गृहस्थ पुढे आला, माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "भैया, जे झालं ते मनात ठेवू नका." मी डोळे मिटून मान हलवली. बायको कानाशी म्हणाली, "सांगा ना त्यांले, काही झालं नाही म्हणून." पण तो माणूस पहिल्यांदाच नमून बोलत होता. मी त्याला दोन दिवस तसाच राहू दिला.

घरी आल्यावर बायकोनं कोणाचं काही ऐकून न घेता माझी सगळी तपासणी करायचं ठरवलं. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं झालं. रिपोर्ट दाखवून आम्ही परतलो तेव्हा कस्तुरी दाराशीच उभी होती. मी जिन्यावरूनच सुरू केलं. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले, म्हणाले, असं हृदय आजवर बघितलं नाही, पंचवीस वर्षांच्या जवानाचं आहे, हे मेडिकल कॉलेजच्या मुलांना दाखवायला पाहिजे...

पोरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"मम्मी?"

"वजन कमी करा म्हणाले," बायको म्हणाली. "बाकी काही नाही."