वकीलबाईंची पोच

मथुराबाई खड्ड्यात पडल्या त्या माझ्यामुळे. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत एका ठेकेदाराने केबलसाठी तीन महिने खड्डा उघडा ठेवला होता, आणि दोन पिंपांवर एक बांबू आडवा टाकून आपलं कर्तव्य संपवलं होतं. स्कूटर मागे घेताना मी तो बांबू पाडला. ऑफिसला उशीर होत होता. बांबू भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि निघालो. तासाभरात कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या मथुराबाई टोपलीसकट आत गेल्या. मांडीचं हाड मोडलं. कोपऱ्यावरची जागा राखायची तर दिवसभर मांडी घालून बसावं लागतं, आणि तेच आता जमणार नव्हतं.

त्यांची केस घेतली तळमजल्यावरच्या ॲडव्होकेट सुहासिनी भडभड्यांनी. तीही फुकट. पण बाई मायाळू आहेत असं कुणी म्हणू नये, निदान त्यांच्यासमोर. साऱ्या जगाशी त्यांचा एकच व्यवहार: लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. पाण्याच्या टाकीत पाल निघाली तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब दाढी करत होते. बाईंनी त्याच अवस्थेत तक्रारीच्या प्रतीवर त्यांची सही घेतली. फेसाचा डाग अजून त्या कागदावर आहे.

"अहो, तोंड तरी धुऊ द्या," रावसाहेब कळवळले होते.

"धुणार कशाने? टाकीतल्या पाण्याने?"

बाईंच्या पहिल्या नोटिशीला ठेकेदाराचं उत्तर आलं: अडथळा होता, अज्ञात इसमाने हटवला. बाई घरोघर विचारत फिरल्या. आमचं दार अज्ञात इसमानेच उघडलं.

"बांबू कुणी हलवला, पाहिलंत?"

"छे हो."

"बरं," म्हणाल्या. त्या 'बरं'नंतर मी आठवडाभर जिन्याने चोरपावलांनी उतरत होतो. मनाची समजूत मात्र चोख घातली होती: मी बोललो तर ठेकेदार सुटेल, तेव्हा मथुराबाईंच्या भल्यासाठीच गप्प बसलो आहे.

परवा मथुराबाई काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आल्या. त्यांच्या जागेवर कुणीतरी मोबाईलची कव्हरं मांडली होती. तिकडे बघून झाल्यावर मला म्हणाल्या, "दादा, जपून जावा बरं. तुमची गाडी रोज हितनंच जाती."

मी तसाच वकीलबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बांबू माझ्या स्कूटरने पडला."

"मागच्या चाकाने," फाइलमधून मान वर न करता त्या म्हणाल्या. "मला खिडकी आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आपण होऊन सांगाल म्हणून पंधरा दिवस दिले. आज सोळावा."

"पण आता ठेकेदार सुटेल ना?"

"कसा सुटेल? स्कूटरच्या धक्क्याने पडतो तो अडथळा नव्हे, ती नुसती शोभा. तुमचं सांगणं मला उपयोगीच आहे."

मला इतकं हलकं वाटलं की आता चहा विचारतील अशीही आशा वाटली. बाईंनी खण उघडला आणि नोटिशीच्या दोन प्रती काढल्या. कालच टाइप केलेल्या. जबाबदार म्हणून वर ठेकेदाराचं नाव होतं. खाली माझं, वडिलांच्या नावासकट आणि फ्लॅट नंबरसह.

"अहो वकीलबाई, आपण वीस वर्षांचे शेजारी ना?"

त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

"म्हणून तर पोस्टाने पाठवली नाही, इथे पोच द्या."