कुंकू लागलेली तलवार

यंदा खंडेनवमीच्या पूजेसाठी शिलाई मशीन पुसायला घेतलं, तर खणात लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं एक पान सापडलं. एका बाजूला स्केचपेननं काढलेली, देवीनं राजाला दिलेली भवानी तलवार आणि खाली 'ताकद हजार'. पाठीवर रुपयाएवढा कुंकवाचा डाग.

ताडकळसला आमच्या गल्लीत मी आणि सुशी अशी हत्यारांची पानं करून खेळायचो. एकीनं पानं लपवून धरायची, दुसरीनं पाठीकडून एक ओढायचं. तलवार शेवटी जिच्या हाती, तिचीच. दसऱ्यानंतर सुशी आईबापासोबत ऊसतोडीला जाणार होती, म्हणून खंडेनवमीचा डाव शेवटचा. तलवारीला जोर यावा म्हणून सकाळीच मी ती विळ्या-कात्रीशेजारी पूजेत ठेवली, तीही घाईत पालथी. आईनं सगळ्यांबरोबर तिलाही ओलं कुंकू लावलं!

मग काय, सुशीनं पहिल्याच झटक्यात तलवार ओढली. पुढच्या खेपेला मी. पुन्हा ती. हसून हसून पोटं दुखली, पण डाव काही संपेना.

"आई बोलवायलीय, आता हे शेवटचं," म्हणत सुशीनं माझ्या हातातून साध्या भाल्याचं पान ओढलं.

"फसलीस!" मी अंगणभर नाचले.

"राहू दे तुझ्याकडंच," ती म्हणाली. "तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत पानं लय भिजतेत."

डाग अजून लालभडक आहे. त्या शेवटच्या खेपेला एवढा डाग सुशीला दिसला नाही, असं समजून मी इतकी वर्षं जिंकल्याच्या थाटात होते.