पेरूखालची जागा

मुरुडच्या आमच्या शेजारच्या काकांना मी कधी बसलेलं पाहिलेलं नाही. चहासुद्धा ते अंगणात येरझाऱ्या घालत पितात आणि बोलता बोलता मध्येच "ते जाऊ दे" म्हणून वाक्य सोडून देतात. वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यापासून हे फारच वाढलंय. न्हाणीघराच्या भिंतीला झाडावरचा बेडूक चिकटलेला दिसला की पाहुणे किंचाळतात. मग काका त्याला तांब्यात धरून वाडीच्या टोकाला सोडून येतात. संध्याकाळी तो पुन्हा भिंतीवर हजर!

"जाणार कुठे बिचारा? शिंपण्याचं टाकं होतं, ते मीच बुजवलं, गाड्या लावायला... ते जाऊ दे."

यंदाच्या पावसात बेडकांनी त्याच जागेवर झुकलेल्या पेरूच्या फांदीला पांढऱ्या फेसाचं घरटं केलं. फेसातली पिल्लं खाली पाण्यात पडतात, पण खाली आता नुसती फरशी. काका दिवसभर आतबाहेर करत होते. शेवटी पाण्याने भरलेलं घमेलं आणून त्यांनी फांदीखाली ठेवलं.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आत शिरली आणि नेमकी तिकडेच वळली. काका आडवे आले.

"इथे नको, रस्त्यावर लावा."

"का हो काका? जागा तर मोकळी आहे."

"नारळ पडतात."

पाहुण्याने मान वर करून पेरूकडे पाहिलं. कुंपणापलीकडून मीही पाहिलं. काका मात्र पहिल्यांदाच जागचे हलले नाहीत.