पुस्तकातला राक्षस आमच्या मुलखात

चौथीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, पण एक अख्खा मुलूख मी रचला आहे. माझी नात पुण्याले कॉम्प्युटरचं शिकते. मागं एका दिवाळीत तिनं हा खेळ घरी आणला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं होऊन काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. सांगणारा मीच. मुलूखही माझाच. त्यात उन्हाळ्यात आटणारी नदी, टेकडीवर राक्षस आणि आमच्या मेडशीच्या एसटी स्टँडसारखा एक चौक.

खेळणारे तिघं. माझी सून, माझा साळा आणि शेजारचा कंडक्टर. हा एसटीतून रिटायर झाला, तरी दारात कोणी उभं राहिलं की ‘आत सरका’ म्हणते. बाजाराच्या आदल्या दुपारी सारे ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात आणि फासा सुपात टाकतात.

यंदा दिवाळीनंतर नात याच खेळाची एक छापील इंग्रजी गोष्ट घेऊन आली. म्हणे, “आबा, तुमच्या गोष्टी त्याच त्या होऊन राह्यल्या. ही सांगा.”

मले राग आला. “सांगतो. आपल्या मुलखात अशी बसवतो की जोड दिसनार नाई.”

“आन् दिसला त?”

“त हा सांगायचा पाट तुहा!”

साऱ्यांसमोर बोललो. आता मागं घेतलं असतं तर कंडक्टरानं गावभर केलं असतं.

नातीनं मले गोष्ट मराठीतून वाचून दाखवली. बर्फाच्या डोंगरातलं एक गाव. राक्षस तिथली पोरगी उचलून नेते आणि गावचा म्हातारा परक्या वाटसरूंना तिले सोडवायले पाठवते. मी बर्फ काढून धुकं टाकलं. दारूचा गुत्ता काढून चहाची टपरी ठेवली, सून खेळते म्हणून. लांडगे राहू दिले, लांडगे काही परके नाहीत.

खेळ सुरू झाला. तिघं गावात पोचले, म्हाताऱ्यानं हात जोडले. तेवढ्यात जुडी बांधता बांधता सुनेचा हात थांबला.

“मामाजी, बाकीचं गाव कुठी हाय?”

“असंन घरात.”

“पोरगी नेली आन् घरात? आपल्याकडं वासरू हरपलं तरी सारं गाव बॅटऱ्या घेऊन निघते. परक्याइले काहून धाडून राह्यले?”

कंडक्टर मांडीवर थाप मारून ओरडला, “बिगर तिकिटाचा सापडला! बुढ्या, हे गाव आपल्यातलं नाई!”

 नात हळूच माझ्या पाटाकडं सरकली. माझे कान तापले. साळ्याकडं पाहिलं, तर तो खाली मान घालून सुतळी ओढत होता. कित्येक वर्षं तो ऊस तोडायले जात होता, दिवाळी झाली की बायकोलेकरं घेऊन. माझ्या तोंडून निघून गेलं, “गावात हाय कोन? सारे तोडीले गेले. मागं म्हातारे आन् लेकरं.”

 साळ्यानं जुडी खाली ठेवली.

“बराबर हाय. असंच राह्यते गाव.”

कंडक्टरानंही मान हलवली. जोड बुजला! मी मिशीवर हात फिरवला आणि म्हटलं, “चाला मंग, गुहा त्या टेकडीत हाय.”

“थांबा भाऊजी,” साळा म्हणाला. “पोरीची माय कुठी हाय?”

“तोडीवर.”

“तिले कोनं सांगितलं?”

हे मी ठरवलंच नव्हतं. नातीकडं पाहिलं. तिनं पानं चाळली, पुन्हा चाळली. “आबा, पुस्तकात माय नाईच.”

“आपल्यात हाय,” मी म्हटलं.

झालं. खेळात सून गुहेच्या तोंडाशी पहाऱ्याले बसली, राक्षस हलू नये म्हणून. कंडक्टरानं चौकातून गाडी काढली, आणि साळा उसाच्या फडात प्रत्येक खोपीपुढं थांबून हाका मारत हिंडला. फासा दोनदा फसला, तरी तो हटला नाही. शेवटी माय सापडली. तिले गाडीत घालून सारे टेकडीखाली आले.

“आता मायसाठी कोन बोलनार?” मी विचारलं.

नात माझ्या पाटाजवळून उठली आणि साळ्याच्या शेजारी जाऊन बसली. “मी बोलीन, आबा. कोयता हाय ना तिच्याजवळ?”

“तोडीवरून आली ते,” साळा म्हणाला. “असंनच.”

तिनं फासा उचलला, आणि मी राक्षसाचा आवाज काढला.