न विचारता घेतलेलं रक्त

तिचं नाव मी विचारलंच नाही. मुरबे गावची, मासळी विकणारी म्हातारी, सुनेच्या बाळंतपणाला बोईसरच्या दवाखान्यात आली होती. बाळामागून पडणारी वार घरी नेऊन पुरायची म्हणून तिने झाकणाचा डबा आणि मीठ आणलं होतं.

माझं काम नाळेतलं रक्त गोळा करायचं. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी पुन्हा मूळपेशी, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या होऊ शकणाऱ्या पेशी, होतील असं करतात. त्यांतून उद्या कुणाचं हृदय, कुणाचे डोळे सुधारतील अशी आशा आहे. हे नीट समजावून मग सही घ्यायची असते. मी मात्र ऐन कळांत सुनेपुढे कागद धरला आणि म्हटलं, "नेहमीचाच आहे, सही करा."

बाळंतपण झाल्यावर म्हातारीने विचारलं, "पिशवीत काय नेतंस, बाय?"

"नाळेतलं रक्त, मावशी. तसंही वायाच जातं."

ती रागावली नाही. कोयत्याचे जुने व्रण असलेल्या बोटांनी वारेवर मीठ पसरत राहिली. मग म्हणाली, "मी मासलीचं डोकं पन गिऱ्हाईकाला इचारून फेकते."

मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिने पिशवीवर अलगद तळवा ठेवला, बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा. "चांगलं काम हाय. पन मला नको सांगू. सून उठली का तिला इचार."

सून उठल्यावर विचारलं. तिने हसून हो म्हटलं.

तरीही बाजारात कुणी मासळीवाली "डोकं ठेवू का, ताई?" म्हणाली, की माझी मान खाली जाते.