खोगिरावरचा हात

राजधानीतल्या जुन्या संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला घरचेसुद्धा ‘हात-लावू-नका’ म्हणून चिडवायचे. एकदा एक म्हातारी दोरीपलीकडचं खोगीर कुरवाळताना दिसली, तसा तो खेकसला, "ओ आजी, डोळे फुटले का? पाटी दिसत नाही?"

"माझ्या बापानं शिवलंय रे हे," म्हणत ती ओशाळून निघून गेली.

तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. बायको म्हणाली, "चूक तुमची, मग माझ्या भाजीला नावं कशाला?"

महिन्याभरानं म्हातारी नातीला घेऊन आली. त्यानं धावत जाऊन स्वतः दोरी सोडली. "आजी, चुकलो मी. लावा हात."

आजीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको रे बाबा. पोरीदेखत पुन्हा ओरडशील."