कारल्याआड लपलेला दुधी

मंडळी, आज सकाळी बोरिवलीत बागेच्या गेटवर माझं रसवाल्याशी चांगलंच वाजलं.

माझा मित्र सावंत शुगरसाठी त्याच्याकडे रोज कारलं, दुधी आणि कडुनिंबाचा रस पितो. मी डॉक्टर नाही; वनस्पतींचं जे कळतं ते स्वतः वाचून, पारखून शिकलोय. कडू निघालेला दुधी विषारी असतो, म्हणून रसाआधी प्रत्येक दुधी चाखायचाच, हे मला पक्कं माहीत आहे.

“दुधी चाखलास का रे?” मी रसवाल्याला विचारलं.

“काका, कारलं आहे ना यात, कडू लागणारच!”

अहो, माझा संशय तिथेच आहे! कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळणार कसा?

गाडीवर दोन दुधी होते. पहिल्याची फोड चाखली. गोडसर निघाली.

“झालं समाधान, वैद्यबुवा?” सावंत हसला. “भर रे ग्लास!”

“थांब, दुसरा राहिलाय.”

दुसऱ्याची फोड जिभेला लावली आणि तिथेच थुंकलो. कडूजहर! सावंतनेही जीभ लावून पाहिली. त्याचं हसू गेलं.

“आणि कालचा कुणी चाखला होता रे?” त्याने विचारलं.

रसवाला गाडी पुसत राहिला.

तुमच्या बागेबाहेर कोण चाखतं? उद्या ग्लास हातात घेण्याआधी विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा.